इस्तरमावशीचं रोजचं पान

इस्तरमावशीच्या घराचं दार उघडं असूनही सकाळी हाकेला उत्तर आलं नाही, तर समजायचं की आत वाचन चालू आहे. मग आलेला माणूस मुकाट्याने ओट्यावर बसायचा. सरपंच बसलेले मी पाहिले आहेत, दूध संघाचे साहेब बसलेले पाहिले आहेत. एकदा कसल्याशा पंचनाम्यासाठी आलेले तलाठी इतका वेळ बसले की कंटाळून त्यांनी सुपातल्या शेंगा फोडायला घेतल्या. वाचन संपवून मावशी बाहेर आली, तिनं सुपातले दाणे पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं साहेब. रोज येत जा."

तिचं खरं नाव एस्तेर शांतवन भालेराव. गावाच्या तोंडी ते इस्तरबाई झालं होतं आणि तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. तिनं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर तिनं गावातल्या बायकांना गोळा करून दूध संस्था काढली आणि पुढची बारा वर्षं ती तिची सचिव होती. आमचं गाव घाटनांदूरच्या बाजूला, रेल्वे रुळापासून थोडं आत. गावात ख्रिस्ती घरं चारच. एक तिचं, एक आमचं. पाळकसाहेब अंबाजोगाईहून महिन्यातून एकदा उपासना घ्यायला येत. उरलेल्या सगळ्या दिवसांची काळजी मावशीनं आपणहून स्वतःकडे घेतली होती.

माझा तिच्या वाचनाशी संबंध आला तो तिच्या डोळ्यामुळे. अंबाजोगाईला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे वाचायला मनाई केली. मी तेव्हा पुण्याहून शिक्षण संपवून घरी आले होते आणि एका परीक्षेची तयारी करत होते, म्हणजे बहुतेक वेळ खोलीत बसून होते. मावशीनं माझ्या वडिलांना रस्त्यात थांबवलं. "मास्तर, तुमची पोरगी रिकामीच हाय ना? तिचे डोळे द्या थोडे दिवस."

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. प्रार्थनाही मी मनातल्या मनात इंग्रजीत करायचे, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. मोठ्यानं मराठी वाचायचं म्हटलं की मी अडखळायचे. पहिल्या दिवशी मी एका दमात सगळं वाचून मोकळी व्हायला बघत होते. मावशीनं डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीआडूनच हात वर केला.

"हळू वाच, माय. देवाला घाई न्हाई. घाई म्हशींना हाय, आन् त्या अजून उठायच्यात."

तिचा डोळा बरा झाला, नवा चष्मा आला, तरी "आता येऊ नको" असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

चर्चकडून दरवर्षी वाचनांचा एक तक्ता यायचा. कोणत्या तारखेला शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, कोणता भाग, ते त्यात छापलेलं असायचं. मावशी तो पत्र्याच्या कपाटाच्या दाराला आतून खळ लावून चिकटवायची. त्या दिवशी जे पान नेमलेलं असेल तेच वाचायचं. एक ओळ मागे नाही, एक ओळ पुढे नाही. आवडीचं काढायचं नाही आणि नावडतं टाळायचं नाही. "आपण पान निवडलं की आपल्याला पायजे त्येच निघतं," ती म्हणायची. "मग देवाशी बोलायचं कशाला? आरशाफुडं बसावं."

एकदा नुसती वंशावळ आली. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा अमका. ती नावं उच्चारताना माझी जीभ वळेना. मी विचारलं, "मावशी, हे सोडून पुढचं वाचू?"

"कावून?"

"नुसती नावंच आहेत."

"मग? यांनी जन्म घेतला त्ये उगाच?" ती म्हणाली. "मी दवाखान्यात जल्माची नोंद करायची. नाव चुकलं तर पोरगं पुढं शाळेपासून रेशनपर्यंत अडतं. नीट वाच. प्रत्येकाच्या आईनं कळा सोसल्यात."

वाचन झालं की ती गप्प बसायची. चुलीवर चहाला उकळी येईपर्यंत. मग तीन प्रश्न विचारायची, रोज तेच तीन. यात कोण कोण हाय? त्याला काय पायजे? आन् त्ये आपल्याकडं हाय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर संध्याकाळपर्यंत ते काम व्हायला हवं, हा तिचा स्वतःसाठी नियम होता. माझ्यावर तिनं तो कधी लादला नाही. पण ती काम उरकताना मी समोर असायचे, आणि नुसतं बघत उभं राहणं अवघड व्हायचं.

पक्षाघात झालेल्या माणसाला त्याच्या चार सोबत्यांनी छप्पर उघडून प्रभूसमोर खाली सोडलं, ती गोष्ट एकदा आली. यात कोण कोण आहे, या प्रश्नाला मी उत्तर दिलं, आजारी माणूस, चार मित्र, प्रभू, गर्दी.

"आन् ज्याचं छप्पर फोडलं त्यो?"

त्याचा मी कधी विचारच केला नव्हता. मावशी मात्र त्याच्याच विचारात होती. "लोक बरे व्हऊन घरी गेले. ह्यो बापडा वर बघत बसला आसंल. त्याला काय पायजे? छप्पर." त्या दुपारी तिनं आपल्या गोठ्याचे दोन पत्रे काढले आणि वादळात घर उघडं पडलेल्या एका म्हातारीकडे पोहोचते केले. पावसाळाभर मावशीची स्वतःची गाय, राही नाव तिचं, अर्धी कोरडी आणि अर्धी ओली उभी होती.

प्रार्थना मात्र तिची छोटी असायची आणि नावानिशी असायची. कुणाच्या म्हशीचे सड सुजले आहेत, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला आहे, कुणाच्या मुलीला बारावीत इंग्रजी जड जातंय. संस्थेतली कौसाबाई तिच्या शेजारीच राहायची. भांडणात तिला गावात जोड नव्हती. एका सकाळी मावशी डोळे मिटून म्हणाली, "आन् प्रभू, कौसाच्या म्हशीला आराम दे. कौसाच्या जिभेला बी दे."

खिडकीबाहेरून लगेच आवाज आला. "माझ्या जिभेला काय झालंय वो, बाई?"

मावशीनं डोळे उघडले नाहीत. "ऐकलंस ना प्रभू? आमेन."

"आमीन," कौसाबाई बाहेरून म्हणाली आणि हंडा उचलून निघून गेली.

त्या वर्षीच्या दुष्काळात गावातल्या विहिरी संक्रांतीलाच तळाला गेल्या. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही माणसांना प्यायला पुरेल इतकाच. गावात पाणी धरून असलेलं एकच बोअर उरलं, ते दूध संस्थेचं. मावशीनं आणि बायकांनी काही वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मेहनतीनं ते पाडून घेतलं होतं. संस्थेच्या दूध संकलन केंद्रासमोरचा हौद त्यावर दिवसातून एकदा जेमतेम भरायचा. भांडणं सुरू झाली तेव्हा मावशीनं सभा घेतली आणि ठराव लिहिला की हौदाचं पाणी फक्त सभासदांच्या जनावरांना मिळेल, पाळीपाळीनं. तिनं ते स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटीवर लिहून केंद्राच्या भिंतीला टांगलं. ठराव योग्यच होता. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी एक मेंढपाळ आला. बिराजी त्याचं नाव, हे नंतर कळलं. मेंढ्यांचा कळप, घोड्यावर सामान, बायको, तिच्या कडेवर मूल. मेंढ्यांना पाण्याचा वास लागला होता. त्या हौदाकडे धावल्या आणि त्यानं काठी आडवी धरून त्यांना थोपवलं. दूध संकलन नुकतंच संपलं होतं. मावशी कॅनची झाकणं लावत होती.

"माय, मेंढरं दोन दिसांची तान्हेली हायत," तो म्हणाला.

मावशीनं पाटीकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं ती पाटी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. शांतपणे, स्पष्ट उच्चारात, सकाळी मला जशी वाचायला लावायची तशी. त्याच्या बायकोला तिनं घरातून तांब्याभर पाणी आणि मुलाला कपभर दूध दिलं. पण मेंढ्यांना हौद मोकळा केला नाही.

"बरं माय," एवढंच म्हणून तो कळप वळवून निघून गेला. मेंढ्या वळायला तयार नव्हत्या. त्यांचं ओरडणं रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडून तक्ता पाहिला आणि नेमलेलं पान काढलं. इसहाकाच्या विहिरींचं पान होतं. त्याच्या चाकरांनी दरीत विहीर खणली, तिला जिवंत पाणी लागलं आणि तिथले गुराखी भांडायला आले की हे पाणी आमचं आहे. त्यानं ती सोडून दुसरी खणली. तिच्यावरही भांडण झालं. तीही सोडून तो पुढे गेला. तिसरीवर कुणी भांडलं नाही.

मी वाचत होते आणि माझा आवाज लहान होत चालला होता. वाचन संपलं. चहाला उकळी आली, चहा उतू गेला, चूल विझायला आली, तरी ती बोलली नाही. शेवटी तीच म्हणाली, "कोण हाय यात, त्ये ठाऊक हाय. काय पायजे, त्ये बी ठाऊक हाय." तिसरा प्रश्न तिनं विचारलाच नाही. उठून पदर खोचला. "तुझी स्कूटी काढ."

रुळाच्या पलीकडे घाटनांदूरच्या रस्त्यावर कळप सापडला. वाटेत कडेला दोन मेंढ्या मरून पडलेल्या होत्या. मावशीनं मला गाडी हळू करायला लावली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे चल म्हणाली. बिराजीजवळ पोहोचल्यावर ती खाली उतरली.

"काल मी चुकले. चल माघारी."

त्यानं तिला निरखून पाहिलं. "पाटी वाचून दावलेली बाई तूच ना?"

"व्हय. मीच."

"मग पाटी?"

"पाटी हाय तिथंच हाय. पण आज सकाळची पाळी माझ्या गाईची हाय. ती तुझ्या मेंढरांना."

त्या सकाळी मेंढ्यांनी पाणी पिताना हौदाच्या काठाला जी गर्दी केली, ती मी अजून विसरले नाही. त्यांच्या गळ्यातून येणारा तो आवाज सोडला तर सगळीकडे शांत होतं. मावशी बादलीनं पाणी ओतत होती. राही गोठ्यातून हंबरत होती.

त्याच दुपारी तिनं संस्थेची सभा बोलावली. तिला ठराव बदलायचा होता. रोज प्रत्येकीच्या पाळीतून थोडं पाणी बाजूला ठेवायचं आणि रस्त्यानं येणाऱ्या जनावरांना द्यायचं, असं तिचं म्हणणं. लपवाछपवी तिला येत नसे. सकाळचं पान तिनं जसंच्या तसं सभेत सांगितलं.

कौसाबाई उठून उभी राहिली. "बाई, तुमच्या देवाला नेमकं आमचंच बोअर दिसलं व्हय?"

"त्याला समद्यांचं दिसतं. आज आपलं दिसलं."

"मग आमचं बी ऐका. ह्ये बोअर पाडलं कुणी? आपण. घाम कुणाचा? आपला. म्हंजे गोष्टीतला इसहाक आपण झालो. भांडायला आला त्यो मेंढका."

बायका हसल्या. मला वाटलं, मावशी चिडेल. ती मान हलवत राहिली. "बरोबर हाय कौसा. इसहाक आपणच."

"मग?"

"मग इसहाकानं काय केलं त्ये बी बघ. त्यो भांडला न्हाई. सोडून फुडं गेला."

"त्येच्या फुडं मोकळी जागा आसंल, बाई. आमच्या फुडं नुसता खडक हाय."

मतदान झालं. पाच हात वर आले आणि बाकीचे मांडीवर राहिले. 'ठराव नामंजूर' हे शब्दही सचिव म्हणून मावशीलाच लिहावे लागले. तिनं ते पाटीवरच्याइतक्याच सुंदर अक्षरात लिहिले.

मला राग आला होता. घरी परतताना मी, एरवी न बोलणारी, बरंच बोलले. मावशी म्हणाली, "कौसा खोटं न्हाई बोलली. सात माणसं तिच्या एका म्हशीवर हायत. तिच्या फुडं खडकच हाय. मला पेन्शन हाय, पोरं न्हाईत. मी फुडं जाऊ शकते. म्हंजे ह्ये पान तिला न्हवतं, मला होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं राहीला घाटनांदूरच्या जनावरांच्या छावणीत नेऊन बांधलं. तिथं जगण्यापुरतं चारा-पाणी होतं, पण तेवढ्यावर गाय आटणार हे उघड होतं. मावशीची हौदाची पाळी मोकळी झाली. उन्हाळा संपेपर्यंत रोज ती पाळी रस्त्यानं येणाऱ्या कुणाला ना कुणाला मिळत राहिली. मेंढ्या, शेळ्या, ऊसतोडीहून परतणाऱ्यांचे बैल. बिराजीनं पुढे गेल्यावर इतरांना सांगितलं असावं, कारण लोक थेट तिचं घर विचारत यायचे. "इस्तरमायचं पाणी कुठं हाय?" गावात कुणी म्हणालं, बाईला धर्माचं वेड लागलं. कुणी म्हणालं, मतं मागायची असतील. ती बादलीनं पाणी ओतत राहिली. मे महिन्यात दोघी सभासद आपणहून आल्या आणि आठवड्यातली एकेक पाळी तिला देऊन गेल्या. ठराव शेवटपर्यंत बदलला नाही.

या सगळ्याची किंमत काय आहे, हे संस्थेत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पोटनियम तिनंच बसून लिहून घेतले होते. सलग तीन महिने दूध न घालणाऱ्या सभासदाचं सभासदत्व संपतं, आणि त्याबरोबर पदही जातं. गावातल्या वजनदार लोकांच्या घरच्या बायका दूध न घालताच पदं अडवून बसू नयेत, म्हणून तिनं तो नियम हट्टानं घातला होता. राहीचं दूध बंद होऊन तीन महिने भरत आले, तेव्हा कौसाबाई एका पहाटे ओट्यावर येऊन बसली. वाचन संपेपर्यंत थांबली, मग आत आली आणि दार लोटून घेतलं.

"बाई, मी रोज लिटरभर माझं दूध तुमच्या नावावर घालते. कुणाला कळणार न्हाई."

"मला कळंल ना."

"तुमी बारा वर्षं ह्ये केंद्र उभं केलं. माझं भांडण पाण्याचं होतं, तुमच्याशी न्हवतं."

"ठाऊक हाय मला."

"मग घ्या की!"

"कौसा," मावशी म्हणाली, "न दिलेलं दूध दिलं म्हणून लिहिलं, तर उद्या सकाळी मी या पोरीफुडं कोणत्या तोंडानं बसू?"

कौसाबाई माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू सगळा दोष माझाच. मग रडायला लागली. मावशीनं तिला चहा दिला. ती गेल्यावर मावशीनं पुन्हा डोळे मिटले. त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा प्रार्थना केली आणि पहिल्यांदाच मी तिला स्वतःसाठी काही मागताना ऐकलं. "प्रभू, मला त्या खुर्चीची सवय झालीय. सुटताना दुखणार हाय. दुखू दे. पण माझं तोंड कडू व्हऊ देऊ नको."

सभेत तिनं नियम वाचला, दूध न घालणाऱ्यांची यादी वाचली. यादीत एकच नाव होतं. ते तिनं पूर्ण वाचलं, एस्तेर शांतवन भालेराव, प्रत्येक अक्षर सुटं, आणि स्वतःच्या हातानं त्यावर रेघ ओढली. किल्ल्या कौसाबाईच्या समोर ठेवल्या.

"मला न्हाई जमायचं," कौसाबाई म्हणाली.

"जमंल. तुला भांडता येतं. सचिवाला त्येच लागतं."

मग ती उठली आणि दाराकडे चालायला लागली. सभासद नसलेल्यांनी सभेत बसायचं नाही, हाही नियमच होता. ती बाहेर पडेपर्यंत सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. नाताळला घरी आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि राही व्याली होती. पोहोचले त्याच संध्याकाळी मी केंद्राकडे गेले. दूध घालणाऱ्या बायकांची रांग लागली होती आणि रांगेच्या शेवटी, पांढऱ्या स्वच्छ साडीत, हातात किटली धरून इस्तरमावशी उभी होती. सभासदत्वाचा नवा अर्ज तिच्या दुसऱ्या हातात होता. पुढच्या दोघी बाजूला सरकून तिला वाट देत होत्या आणि ती मानेनंच नको म्हणत होती. तिनं मला पाहिलं, ओळखीचं हसली, पण रांग सोडून आली नाही.

तिचा नंबर आला. दूध तपासायच्या यंत्रामागे कौसाबाई बसली होती, चष्मा लावून, अगदी गंभीर.

"नाव?"

"एस्तेर शांतवन भालेराव."

"जनावर किती?"

"एक गाय. राही."

कौसाबाईनं अर्ज दोनदा वाचला. मग किटलीचं झाकण उघडून आत डोकावली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, पाणी तर न्हाई ना घातलं?"

रांगेत कुणाच्या तरी हातातून हसता हसता झाकण खाली पडलं. मावशी मात्र ताठ उभी होती.

"यंत्र लाव आन् बघ," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडं काय बघती?"